गोवा व मुंबईतील बॉलरूम नृत्य

बॉलरूम नृत्य म्हणजे दोघांच्या जोडीने, ठरावीक तालावर आणि ठरावीक पदन्यासांनी करावयाचे समाजनृत्य होय. या नृत्यप्रकारांचा उगम युरोप व अमेरिका खंडांत झाला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः गोवा आणि मुंबई येथे, त्यांना दीड शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात हे नृत्य ख्रिस्ती घराण्यांच्या दिवाणखान्यांत रुजले व त्यातून मांडो हा कोकणी गीतनृत्यप्रकार घडला. मुंबईत ते ब्रिटिशांचे क्लब, मोठी हॉटेले, रेल्वे वसाहती आणि ख्रिस्ती लग्नसमारंभ यांमधून पसरले आणि गोमंतकीय वादकांच्या हातून हिंदी चित्रपटसंगीतात पोहोचले.

जगभर प्रसिद्ध असलेली बहुतेक बॉलरूम नृत्ये शेतकरी, बंदरांतील कष्टकरी आणि आफ्रिकी वंशाचे लोक यांच्यात जन्मली व नंतर उच्चभ्रू सभागृहांत गेली. गोव्यात प्रवास उलट दिशेने झाला. तेथे सभागृहातील नृत्याने लोकांची भाषा आणि घुमटासारखे लोकवाद्य स्वीकारले.

नाव

‘बॉल’ हा शब्द ‘नाचणे’ या अर्थाच्या ‘बालारे’ या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. चेंडू या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा संबंध नाही. नृत्यासाठी भरवलेला मेळावा म्हणजे बॉल आणि त्यासाठीचे सभागृह म्हणजे बॉलरूम. त्याच धातूपासून ‘बॅले’ हा शब्द तयार झाला. मात्र बॅले हे प्रेक्षकांसाठी रंगमंचावर सादर केले जाते, तर बॉलरूम नृत्यात मुळात नाचणारे आणि पाहणारे असा भेद नसतो.

युरोपातील उगम

सतराव्या शतकात फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारात मिन्युएट हे संथ, औपचारिक नृत्य प्रतिष्ठा पावले. लुईने १६६१ मध्ये राजकीय नृत्य अकादमी स्थापन केली. त्याच काळात इंग्लंडमधील ग्रामीण नृत्ये शहरांत लोकप्रिय होत होती. जॉन प्लेफर्ड याने १६५१ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. ही नृत्ये फ्रान्समध्ये गेल्यावर त्यांना ‘काँत्रदान्स’ असे नाव मिळाले. त्यांत स्त्रिया व पुरुष समोरासमोर दोन रांगा करून उभे राहत. याच घराण्यातील क्वाड्रिल हे चार जोड्यांचे चौकोनी रचनेचे नृत्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस व लंडन येथे रूढ झाले.

वॉल्ट्झमुळे या परंपरेत मोठा बदल झाला. दक्षिण जर्मनी व ऑस्ट्रिया येथील शेतकऱ्यांच्या लेंडलर या गिरकीच्या नृत्याशी त्याचे नाते आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते व्हिएन्नात पोहोचले. रांगा मोडून प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे फिरू लागली आणि पुरुषाचा हात स्त्रीच्या पाठीवर आला. त्या काळी हे अनेकांना असभ्य वाटले. १८१६ मध्ये इंग्लंडच्या राजप्रतिनिधीने दिलेल्या बॉलमध्ये वॉल्ट्झ नाचले गेले, तेव्हा ‘द टाइम्स’ या वृत्तपत्राने त्यावर कडक टीका केली. तरीही पुढील काही दशकांत स्ट्रॉस कुटुंबातील संगीतकारांच्या रचनांमुळे वॉल्ट्झ सर्वमान्य झाले. बोहेमियातील पोल्का आणि पोलंडमधील माझुर्का ही नृत्येही एकोणिसाव्या शतकात याच मार्गाने गावांतून सभागृहांत आली.

प्रमुख शैली

आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये दहा नृत्ये असून त्यांचे ‘स्टँडर्ड’ आणि ‘लॅटिन’ असे दोन गट केले जातात. स्टँडर्ड गटात जोडीदार एकमेकांना बहुतांश वेळ धरून संपूर्ण सभागृहाला वळसा घालत नाचतात. लॅटिन गटात पकड मोकळी असते, कमरेच्या हालचालींना महत्त्व असते आणि सांबा व पासो दोब्ले वगळता जोडी फारशी जागा सोडत नाही.

| नृत्य | गट | उगम | ताल | दर मिनिटाला आवर्तने (सुमारे) |
|---|---|---|---|---|
| संथ वॉल्ट्झ | स्टँडर्ड | इंग्लंड, व्हिएनीज वॉल्ट्झवरून | ३/४ | २८–३० |
| व्हिएनीज वॉल्ट्झ | स्टँडर्ड | ऑस्ट्रिया व दक्षिण जर्मनी | ३/४ | ५८–६० |
| टँगो | स्टँडर्ड | अर्जेंटिना व उरुग्वे | २/४ | ३१–३३ |
| फॉक्सट्रॉट | स्टँडर्ड | अमेरिका | ४/४ | २८–३० |
| क्विकस्टेप | स्टँडर्ड | इंग्लंड | ४/४ | ५०–५२ |
| सांबा | लॅटिन | ब्राझील | २/४ | ५०–५२ |
| चा-चा-चा | लॅटिन | क्यूबा | ४/४ | ३०–३२ |
| रुंबा | लॅटिन | क्यूबा | ४/४ | २५–२७ |
| पासो दोब्ले | लॅटिन | स्पेन व फ्रान्स | २/४ | ६०–६२ |
| जाइव्ह | लॅटिन | अमेरिका | ४/४ | ४२–४४ |

टँगो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्वेनोस आइरेस आणि माँटेव्हिडिओ या बंदरांच्या गरीब वस्त्यांत आकाराला आला. युरोपातून आलेले स्थलांतरित, आफ्रिकी वंशाचे लोक आणि स्थानिक रहिवासी यांच्या संगीताचा त्यात संगम आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी पॅरिसमध्ये त्याची लाट आली आणि त्यानंतरच मायदेशातील सधन वर्गाने त्याला जवळ केले. २००९ मध्ये युनेस्कोने टँगोचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

फॉक्सट्रॉट १९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये पुढे आले. त्याचे नाव हॅरी फॉक्स या रंगमंचीय कलाकाराशी जोडले जाते. आयरीन व व्हर्नन कॅसल या दांपत्याने त्याला सभागृहात मान मिळवून दिला. क्विकस्टेप हे जलद फॉक्सट्रॉट आणि चार्ल्स्टन यांच्या मिश्रणातून १९२० च्या दशकात तयार झाले.

क्यूबातील मूळ रुंबा हे आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ढोलांवरील नृत्य आहे. सभागृहातील रुंबा मात्र मुख्यतः सोन आणि बोलेरो या क्यूबन प्रकारांवर आधारलेला आहे. चा-चा-चा हा ताल एन्रीके होरिन या क्यूबन संगीतकाराने १९५० च्या दशकाच्या आरंभी रूढ केला. पासो दोब्लेचे संगीत बैलझुंजीच्या वेळी वाजणाऱ्या संचलनगीतांवरून आले असून त्यात पुरुष मातादोरची भूमिका करतो. जाइव्हचे मूळ आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या लिंडी हॉप व जिटरबग या नृत्यांत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी ते ब्रिटनमध्ये नेले.

प्रमाणीकरण

आज शिकवले जाणारे पदन्यास बऱ्याच अंशी इंग्लंडमध्ये ठरले. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल सोसायटी या नृत्यशिक्षकांच्या संस्थेने १९२४ मध्ये स्वतंत्र बॉलरूम शाखा सुरू केली आणि प्रत्येक नृत्याची पावले, पकड व गती यांचे नियम केले. ब्लॅकपूल येथील नृत्यमहोत्सव १९२० पासून भरतो. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या स्पर्धांच्या जागतिक महासंघाला मान्यता दिली.

प्रमाणीकरणामुळे कोणत्याही देशातील दोन अनोळखी व्यक्ती एकत्र नाचू शकतात. मात्र त्याच प्रक्रियेत नृत्यातील उत्स्फूर्तता कमी झाली आणि ते घडवणाऱ्या मूळ समाजांचा उल्लेख मागे पडला.

गोवा

पार्श्वभूमी

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा बेट जिंकले. चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांत मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई. पाश्चात्त्य संगीत वाचू शकणारा मोठा वर्ग त्यामुळे गोव्यात तयार झाला. पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांना वादक मिळाले ते याच परंपरेतून.

गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मध्यंतरीची काही वर्षे वगळता, इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय अस्तित्वात होते. १७३६ च्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती कुटुंबांतील लग्नाच्या अनेक स्थानिक चालीरीती निषिद्ध ठरवल्या. त्यांत पारंपरिक लग्नगीतांचाही समावेश होता. धर्मन्यायालय बंद झाल्यानंतर काही दशकांनी कोकणी भाषेतील मांडो लग्नघरांत उदयास आला, हा क्रम लक्षणीय आहे.

मांडो

मांडो एकोणिसाव्या शतकात दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यात बहरला. कुडतरी, लोटली, राय, बाणावली व मडगाव ही त्याची प्रमुख केंद्रे होत. युरोपीय काँत्रदान्सप्रमाणे मांडोतही स्त्रिया व पुरुष दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात. ते संथ, सरकत्या पावलांनी जवळ येतात, एकमेकांच्या बाजूने जाऊन जागा बदलतात आणि पुन्हा परततात. स्त्रियांच्या हाती पंखा आणि पुरुषांच्या हाती रुमाल असतो. जोडीदार एकमेकांना स्पर्श करत नाहीत. वॉल्ट्झमध्ये जे हाताच्या पकडीने साधते, ते येथे नजर, पंखा आणि अंतर यांनी व्यक्त होते.

मांडोचे गायन सहा मात्रांच्या संथ तालात, बहुधा दोन स्वरपातळ्यांत चालते. साथीला व्हायोलिन आणि घुमट असतो. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंना तोंडे असलेले मातीचे भांडे. त्याच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवत. घोरपड हा संरक्षित प्राणी असल्याने आता बकऱ्याचे कातडे वापरतात. गोव्यातील हिंदू देवळांत आरतीच्या वेळीही घुमट वाजतो. २०१९ मध्ये गोवा शासनाने त्याला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला.

स्त्रियांचा पारंपरिक वेश ‘तोडोप बाज’ या नावाने ओळखला जातो. त्यात जरीकाम केलेले रेशमी किंवा मखमली वस्त्र आणि खांद्यावर शालीसारखे उपवस्त्र असते. पुरुष युरोपीय पद्धतीचा औपचारिक पोशाख करतात.

प्रेमाची ओढ, मीलनाचा आनंद आणि विरह हे मांडोचे मुख्य विषय आहेत. काही मांडोंमध्ये समकालीन घटनाही येतात. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगाव येथे निवडणुकीच्या वेळी झालेल्या गोळीबारावरील मांडो प्रसिद्ध आहे. लिगोरियो कॉस्ता, आर्नाल्दो द मिनेझिस, जिझेलिनो रिबेलो आणि तोर्क्वातो द फिगेरेदो हे महत्त्वाचे मांडोकार होत. मांडोंचे संकलन व अभ्यास यांत जुझे परेरा आणि मिकाएल मार्टिन्स यांचे कार्य मोलाचे मानले जाते.

मांडो हा मूलतः ब्राह्मण व चारडो या ख्रिस्ती उच्च जातींतील जमीनदार घराण्यांचा कलाप्रकार होता. तो ज्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत नाचला जाई, त्या वाड्यांच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारांना त्या रांगांत स्थान नव्हते. त्यांच्या जीवनाचे चित्रण दुलपदांत अधिक आढळते.

दुलपद व देखणी

मांडो संपत आला की गायक लय वाढवून दुलपदाकडे वळतात. दुलपद सहा-आठच्या चपळ तालात असते. गावातील माणसे, छोट्या घटना, थट्टा आणि टोमणे हे त्याचे विषय असतात. देखणी या प्रकारात हिंदू कलावंतिणीचे चित्रण असते. ती ख्रिस्ती रचनाकारांनी निर्माण केली असून तिच्या चालीत भारतीय व पाश्चात्त्य वळणे एकत्र येतात. ‘बॉबी’ (१९७३) या हिंदी चित्रपटातील एका गीतात अशाच एका लोकप्रिय देखणीचा उपयोग केला आहे.

क्लब आणि कार्निव्हल

विसाव्या शतकात नृत्याचे केंद्र दिवाणखान्यांतून क्लबांकडे सरकले. पणजीतील क्लुब वास्को द गामा (१९०९) व क्लुब नॅशनल आणि मडगावातील क्लुब आर्मोनिया यांनी नृत्यसंध्या भरवल्या. कार्निव्हलच्या अखेरच्या दिवशी पणजीत होणारे ‘रेड अँड ब्लॅक’ नृत्य प्रसिद्ध आहे. त्यासाठी लाल व काळ्या रंगांचा पोशाख करण्याचा प्रघात आहे.

महाराष्ट्रातील लोकनृत्यांशी तुलना

महाराष्ट्रातील बहुतेक लोकनृत्ये समूहाची आहेत. लेझीम आणि सोलापूर जिल्ह्यातील धनगरांचे गजानृत्य यांत परंपरेने पुरुष रांगेत किंवा वर्तुळात नाचतात. फुगडीत जोडी असते व हातही धरले जातात, परंतु ती स्त्रियांची असते. स्त्री-पुरुषांनी एकत्र नाचण्याची रीत महाराष्ट्राला अगदीच परकी नाही. पालघर भागातील वारली समाजाच्या तारपा नृत्यात स्त्रिया व पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून तारपावादकाभोवती फिरतात. बॉलरूम नृत्याचा वेगळेपणा असा, की त्यात समूह गौण ठरतो आणि प्रत्येक जोडी स्वतःपुरती नाचते. मांडो या दोहोंच्या मधोमध उभा आहे. त्यात जोडी आहे, पण ती रांगेतून बाहेर पडत नाही.

मुंबई

हॉटेले आणि वाद्यवृंद

ब्रिटिश काळात मुंबई व पुण्यातील बॉल हे प्रामुख्याने अधिकारी व युरोपीय व्यापाऱ्यांचे मेळावे होते. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल सुरू झाले. पारशी व अन्य सधन भारतीय कुटुंबांतही नंतर हे नृत्य पसरले. १९३५ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी वादक लिऑन ॲबी यांचा जॅझ वाद्यवृंद ताजमध्ये वाजला. टेडी वेदरफोर्ड हे आफ्रिकी-अमेरिकी पियानोवादकही तेथे गाजले. मिकी कुरैया यांच्या वाद्यवृंदाने १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये नृत्यसंगीत दिले. हळदोणे गावचे आंतोनियो शाव्हियेर वाझ (१९१६–१९६७) हे ट्रंपेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नावाने विख्यात झाले. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी पुस्तकात या कालखंडाचा इतिहास आला आहे.

गोव्यातून आलेले वादक व खलाशी धोबी तलाव परिसरातील ‘कुडीं’मध्ये राहत. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या लोकांसाठी चालवलेले सामुदायिक निवासस्थान. स्वातंत्र्यानंतर बरेच युरोपीय निघून गेले आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने रात्रीच्या क्लबांचा व्यवसाय मंदावला. त्यामुळे अनेक वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले.

रेल्वे वसाहती आणि ख्रिस्ती समाज

भुसावळ, इगतपुरी यांसारख्या रेल्वेच्या गावांत अँग्लो-इंडियन कर्मचाऱ्यांच्या वसाहती होत्या. तेथील रेल्वे इन्स्टिट्यूट या करमणूक केंद्रांत नाताळ व नववर्षाचे नृत्यसमारंभ होत. पाहुण्यांसाठीच्या हॉटेलांपेक्षा येथील वातावरण घरगुती असे आणि तीन पिढ्या एकत्र नाचत. स्वातंत्र्यानंतर या समाजातील अनेक कुटुंबे ब्रिटन व ऑस्ट्रेलियात स्थलांतरित झाली आणि ही सभागृहे ओस पडत गेली.

मुंबई, ठाणे व वसई परिसरातील ईस्ट इंडियन हा मराठी बोली बोलणारा ख्रिस्ती समाज आहे. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी या समाजाने हे नाव स्वीकारले. त्यांच्या लग्नात विहिरीचे पाणी आणण्याचा ‘उंबराचे पाणी’ हा विधी, मराठी लग्नगीते आणि वधूवरांचे वॉल्ट्झ हे सर्व एकाच सोहळ्यात दिसू शकते.

हिंदी चित्रपट

संगीतकार सी. रामचंद्र आणि अभिनेते-दिग्दर्शक भगवान यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात लॅटिन ठेक्यांचा प्रभावी उपयोग झाला. चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. या चित्रपटातील एका नृत्यप्रसंगात ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. भगवान यांची कमी हालचालीची, ठेका सांभाळत डुलण्याची लकब देशभर लोकप्रिय झाली. शास्त्रीय तालीम नसलेल्या माणसालाही ती सहज जमत असल्याने वराती व मिरवणुकांतही तिचे अनुकरण झाले.

शंकर-जयकिशन यांच्या गीतांतील वॉल्ट्झचे ठेके व व्हायोलिनसमूह यांमागे सेबॅस्टियन डिसोझा या गोमंतकीय संयोजकाचे काम होते. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे संयोजक व संगीतशिक्षक होते. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी संगीत दिलेल्या ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गीतामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. त्या नावाची खरी व्यक्ती आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. अशा संयोजकांची नावे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत अनेकदा नसत.

चित्रपटांनी या नृत्याची एक विशिष्ट प्रतिमाही तयार केली. क्लबमध्ये नाचणारी स्त्री ही बहुधा ख्रिस्ती नावाची, मद्य आणि गुन्हेगारी यांच्या सान्निध्यात वावरणारी दाखवली जाई. प्रत्यक्षात गोव्यात किंवा मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत हे नृत्य आईवडील, आजी-आजोबा आणि मुले यांच्यासमवेत करावयाचा कौटुंबिक सोहळा होता. या प्रतिमेचा जाच त्या समाजातील स्त्रियांना दीर्घकाळ सोसावा लागला.

कोकणी गीते

१९६० व १९७० च्या दशकांत संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना कोर्देरो यांनी चा-चा-चा, स्विंग इत्यादी ठेक्यांत कोकणी गीते सादर केली. गोव्यातील लग्नांत आजही ती वाजतात. ‘नाचुया कुंपासार’ (२०१४) हा बार्ड्रॉय बार्रेटो दिग्दर्शित कोकणी चित्रपट याच गीतांवर व त्या काळातील वादकांच्या जीवनावर आधारित आहे.

सद्यःस्थिती

गोव्यातील ख्रिस्ती लग्नाच्या स्वागतसमारंभात वधूवरांमागून जोड्यांचे संचलन, पहिले वॉल्ट्झ, त्यानंतर जाइव्ह आणि शेवटी ‘मसाला’ म्हणजे कोकणी गीतांची सलग मालिका असा क्रम सर्वत्र आढळतो. या मालिकेत मांडो व दुलपदांच्या चाली येतात, पण रांगांचे संथ नृत्य क्वचितच होते. १९६० च्या दशकापासून पणजीत भरणाऱ्या मांडो महोत्सवामुळे हा प्रकार टिकून आहे. तथापि, दिवाणखान्यात सर्वांनी नाचावयाचे हे नृत्य आता मुख्यतः रंगमंचावर, वेशभूषा केलेल्या पथकांकडून सादर होते.

मुंबई, पुणे व अन्य शहरांतील नृत्यवर्गांत सालसा, बचाता आणि जाइव्ह शिकणाऱ्यांत सर्व समाजांतील तरुण आहेत. दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धांमुळे लॅटिन शैलींची ओळख वाढली. बॉलरूम नृत्य आता एका समाजाचे राहिलेले नाही. मात्र ज्या वादकांनी आणि कुटुंबांनी ते येथे रुजवले, त्यांच्या आठवणी, हस्तलिखित स्वरलेख व छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर खासगी घरांतच आहेत आणि त्यांचे जतन हे या विषयाच्या अभ्यासापुढील मुख्य आव्हान आहे.

हे सुद्धा पहा

मांडो
घुमट
देखणी
ईस्ट इंडियन समाज
तारपा नृत्य
धनगरी गजानृत्य